लोकलने कॉलेजला नेता येईल असा गेमिंग लॅपटॉप शोधताना

मी डोंबिवलीला राहते, कॉलेज माटुंग्याला, ब्रांच मेकॅनिकल. फर्स्ट इयर घरच्या जुन्या डेस्कटॉपवर आणि कॉलेजच्या लॅबवर निघालं पण सेकंड इयरपासून कॅड (कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग), मशीन ड्रॉइंग, प्रोजेक्ट असं सगळं मागे लागतं आणि लॅबमधले पीसी फक्त प्रॅक्टिकलच्या वेळेपुरते मिळतात, म्हणून २०२४ च्या जूनमध्ये घरी ठरलं की आता लॅपटॉप घ्यायचा. आणि मला गेमिंगवालाच हवा होता. गेम मी मनापासून खेळते, शाळेत होते तेव्हापासून, आणि ती गोष्ट अभ्यासाच्या नावाखाली लपवायची माझी इच्छा नव्हती, बाबांना पण तसंच स्पष्ट सांगितलं की एकच मशीन चार वर्षं दोन्ही कामांना वापरणार, तर दोन्ही धरून बघूया.

ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, १५.६ इंची घे. माझा मावसभाऊ ठाण्याला आयटीत आहे, त्याने तर फोनवरच लिस्ट पाठवली, लेनोवो लोक्यू, एचपी व्हिक्टस, आसूस टफ, एसर नायट्रो, सगळे चांगलेच आहेत आणि पैशाच्या मानाने त्यांच्यापेक्षा जास्त परफॉर्मन्स कुठे मिळत नाही हे पण खरं आहे. पण मी प्रत्येकाचं वजन काढून बघितलं. व्हिक्टस १५ साधारण २.३ किलो, टफ ए१५ २.२, लोक्यू १५ तर २.४ च्या आसपास. आणि हे नुसतं लॅपटॉपचं. त्याचा चार्जर म्हणजे विटेएवढा ठोकळा, लोक्यूच्या आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्डवाल्याला १७० वॉटचा येतो, तो आणि त्याची जाडजूड वायर मिळून अर्धा किलोच्या वरच जाते. म्हणजे तीन किलोच्या आसपास पकडून चाला. जाहिरातीत, व्हिडिओत, कुठेही चार्जर धरून वजन सांगत नाहीत आणि डे स्कॉलरसाठी तर तोच आकडा सगळ्यात आधी बघायला हवा.

हॉस्टेलच्या मुलांना तीन किलोने फरक पडत नाही, लॅपटॉप टेबलावर असतो आणि कधीतरी बॅगेत जातो. मला कॉलेजसाठी रोज डोंबिवली ते दादर उभ्याने जायचं आणि यायचं. तीन किलो नक्की किती वाटतं हे बघायचं म्हणून मी एक केलं, सुट्टीत माझा दादरला सकाळचा कॅडचा क्लास चालू होता, तर आईकडून तांदळाचं दोन किलोचं पाकीट आणि साखरेचं एक किलोचं घेतलं, दोन्ही जुन्या टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून बॅगेच्या लॅपटॉपच्या कप्प्यात ठेवलं, वर नेहमीची वही, डबा, एक लिटरची बाटली, छत्री, आणि तशीच सकाळची फास्ट पकडली. लेडीज डब्यात डोंबिवलीला चढायलाच धक्के खावे लागतात, बॅग पाठीवर ठेवली तर मागच्या बायका ओरडतात आणि बरोबरच आहे त्यांचं, म्हणून ती छातीशी घ्यायची, रॅक तर कल्याणलाच भरून आलेलं असतं. ठाण्यापर्यंत ठीक वाटलं. ठाण्याला अजून गर्दी घुसली आणि मग दोन्ही हात बॅगेखाली आणि वरची कडी धरायला हातच उरला नाही, घाटकोपरपर्यंत खांदे आणि मान दोन्ही भरून आलं. चौथी सीट मिळाली असती तरी मांडीवर तेवढं ओझं आणि वर बाजूचीचं कोपर. असं काही दिवस करून बघितलं, मग साखरेचं पाकीट काढलं आणि नुसते दोन किलो घेऊन गेले. फरक एवढा जाणवला की त्या दिवशी मी नियमच करून टाकला, चार्जर धरून दोन किलोच्या आत, बाकी सगळं त्यानंतर. ज्यांना असा प्रवास आहे त्यांनी घ्यायच्या आधी हे एकदा करून बघाच, फुकट आहे आणि कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा जास्त कळतं.

आता हा नियम लावला की लिस्ट एकदम छोटी होते आणि किमती एकदम मोठ्या होतात. १४ इंची गेमिंग लॅपटॉप ही महागडी जात आहे. कारण सरळ आहे, तीच गरमी कमी जागेतून बाहेर काढायची तर पंखे, हीटपाइप, बॉडी सगळंच भारीतलं लागतं. मेकॅनिकलवाल्यांना हीट ट्रान्सफर शिकवतात, पुस्तकातलं फिन आणि फोर्स्ड कन्व्हेक्शन बघायचं असेल तर लॅपटॉपचं मागचं झाकण उघडल्याचा एखादा व्हिडिओ बघा, मला तर तेव्हापासून तो विषयच आवडायला लागला.

इथे एक गोष्ट नीट सांगते कारण दुकानात ती कोणी सांगत नाही. ग्राफिक्स कार्डाचा नुसता नंबर बघून काही कळत नाही. आरटीएक्स ४०५० लॅपटॉपवालं कार्ड घ्या, एनव्हिडियाने ते ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत चालवायची मुभा कंपन्यांना दिलेली आहे. म्हणजे इंजिन तेच पण पेट्रोल किती सोडायचं ते गाडी बनवणारा ठरवतो. एका पातळ लॅपटॉपमध्ये तेच ४०५० फक्त ४५ वॉटवर चालतं आणि दुसऱ्या जाड लॅपटॉपमध्ये त्याच्या दुपटीच्या वर, स्टिकर मात्र दोघांवर एकच. त्यामुळे लहान लॅपटॉप घेताना त्याचं टीजीपी, म्हणजे कार्डाला किती वॉट मिळतात, ते कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या पानावर शोधायचं. लिहिलेलं नसेल तर तेवढ्याच मॉडेलचा रिव्ह्यू शोधायचा, मिळत्याजुळत्या मॉडेलचा नाही. मी एक वही केली होती, त्यात प्रत्येक मॉडेलपुढे वजन, चार्जरचे वॉट, कार्डाचे वॉट, बॅटरीचे वॉट-अवर असं लिहीत गेले, आणि लिहिताना दिसत गेलं की ४०६० लिहिलेला एखादा पातळ लॅपटॉप आणि नीट वॉट मिळणारा ४०५० यांच्यात गेममध्ये फारसं अंतर राहत नाही. ४०६० चा खरा फायदा ८ जीबी मेमरी, ४०५० ला ६ जीबीच आहे, पण १४ इंची स्क्रीनवर टेक्स्चर हाय केलं काय आणि मीडियम केलं काय, मला ते चालण्यासारखं होतं. ३०५० पण बघितलं, स्वस्तात मिळतं, पण त्याची ४ जीबीवाली आणि ६ जीबीवाली अशी दोन रूपं बाजारात आहेत आणि ४ जीबीवाल्यात आताचे मोठे गेम अडकतात. शिवाय डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन, म्हणजे एआयने मधल्या फ्रेम बनवून गेम जास्त स्मूथ दाखवणं, ४० सिरीजपासूनच (४०५०, ४०६० वगैरे) आहे, चार वर्षं काढायची तर ते असलेलं बरं.

मग बाबांना घेऊन मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेले. दादरला वेस्टर्नची स्लो पकडायची आणि ग्रँट रोडला उतरायचं, तिथून चालत. घ्यायचं ऑनलाइन असलं तरी हात लावून बघायला तिथे जायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. पहिल्या एका दुकानात मी विचारायचे आणि उत्तर बाबांना मिळायचं, "सर, मॅडमसाठी हा बघा, एकदम स्लिम, कलर पण छान आहे," असं म्हणत त्याने ग्राफिक्स कार्डच नसलेला लॅपटॉप पुढे केला. बाबा म्हणाले, "वापरणार ती आहे, तिच्याशी बोला." मग मी टीजीपी विचारलं तेव्हा तो म्हणाला सगळ्यांना सारखंच असतं. आम्ही तिथून निघालो. पुढच्या एका दुकानातला दादा मात्र भला होता, त्याने दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले, दोन्हीवर एकच फोटो लावला आणि म्हणाला, "ताई, आता तूच बघ." एक होता ४५ टक्के एनटीएससीवाला स्क्रीन, बजेट गेमिंगमध्ये बहुतेकदा हाच येतो, ब्राइटनेस २५० निट्स. दुसरा शंभर टक्के एसआरजीबी. स्क्रीन किती रंग दाखवू शकतो त्याची ही मापं. पहिल्यावरचा लाल रंग विटकरी दिसत होता, आणि दाराकडून उजेड आला की काळ्या भागात आमचेच चेहरे. नुसतं स्पेसिफिकेशन वाचून ४५ टक्के म्हणजे काय ते डोळ्यापुढे येत नाही, ते शेजारी ठेवून बघितल्यावरच कळतं. आमच्या वर्गात खिडक्या मोठ्या आहेत आणि मी नेहमी खिडकीजवळ बसते, तर २५० निट्स तिथेच बाद.

त्या दादाने अजून एक चांगलं दाखवलं, की-बोर्डच्या मधोमध बोटाने दाबून बघायचं, दबतो का. झाकण एका हाताने उघडून बघायचं, बिजागरी कशी आहे ते. रोज चार वेळा उघडझाप होणारा लॅपटॉप असेल तर बिजागरी हा मोठा मुद्दा आहे, आमच्या कॉलेजमध्ये बिजागरी तुटलेले लॅपटॉप मी बघितलेत, दुरुस्तीला हजारो रुपये जातात.

सॉफ्टवेअरचं पण लिहिते, कारण इंजिनिअरिंगच्या मुलांना घरचे लोक मॅकबुक घे म्हणतात, वजनाला हलकं, बॅटरी जबरदस्त. माझ्या आत्याने पण तेच सांगितलं आणि वजनाच्या बाबतीत ती बरोबरच होती. पण कॅडचं सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं, कॅटिया पण, आणि पार्टवरचा ताण, तापमान वगैरे काढणाऱ्या ॲन्सिसचं स्टुडंट व्हर्जन पण, म्हणून मॅक तिथेच थांबला. तेव्हाच स्नॅपड्रॅगन चिपवाले नवीन विंडोज लॅपटॉप आले होते, हलके आणि दिवसभर बॅटरी, त्यांचा पण मोह झाला होता पण ती एआरएम चिप आहे, म्हणजे मोबाइलमध्ये असते त्या जातीची, आणि कॅडची सॉफ्टवेअर व बरेच गेम तिच्यासाठी बनलेलेच नाहीत, तर तो पण रस्ता बंद. बाकी सॉलिडवर्क्ससाठी गेमिंग कार्ड लागतंच असं नाही. पार्ट आणि छोट्या असेंब्लीसाठी प्रोसेसरच्या एका कोअरचा वेग आणि रॅम हेच जास्त कामाला येतं, सॉलिडवर्क्सची सर्टिफाइड लिस्ट तर वर्कस्टेशन कार्डांची आहे, आरटीएक्स गेमिंग कार्डवर रियलव्ह्यू (मॉडेल खऱ्यासारखं दाखवायची सोय) वगैरे मिळत नाही. कॉलेजचं काम त्याशिवाय व्यवस्थित होतं. ॲन्सिस स्टुडंट फुकट आहे, त्याला मॉडेलच्या साइझची मर्यादा आहे, पण सॉल्व्ह करताना रॅम चांगली खातं, १६ जीबीच्या खाली जाऊ नका. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर स्टुडंटना कॉलेजच्या पुराव्यावर फुकट मिळतात, त्यासाठी पैसे बाजूला ठेवायची गरज नाही. म्हणजे ग्राफिक्स कार्ड मुख्यतः गेमसाठी, आणि पुढे ब्लेंडरचं रेंडरिंग किंवा मशीन लर्निंगचं इलेक्टिव्ह घेतलं तर कूडासाठी (फक्त एनव्हिडियाच्या कार्डावर मोठे हिशोब चालवायची सोय), हे बाबांना मी असंच्या असं सांगितलं.

शेवटी वहीत उरले तीन-चार. एचपीचा ओमेन ट्रान्सेंड १४, अतिशय सुंदर मशीन, ओएलईडी स्क्रीन, साधारण १.६ किलो, चार्जर पण टाइप-सीवालाच, हातात घेतला तेव्हा ठेवावासा वाटेना. आसूसचा झेफिरस जी१४, २०२४ चा नवीन, ॲल्युमिनियमची बॉडी, दीड किलो, तो पण ओएलईडी. दोन्ही दीड लाखाच्या पुढे. आमचं बजेट एक लाख, ताणून सव्वा लाख. एसरचा प्रिडेटर हेलिओस निओ १४ होता पण तो १.९ किलो, चार्जर धरला की माझ्या नियमात बसत नव्हता आणि किंमत पण तशीच.

मग मावसभावानेच सुचवलं की नवीन मॉडेल आलं की मागच्या वर्षीचं खाली येतं, ते बघ. जी१४ ची मागची मॉडेलं बघितली आणि इथे वर्ष बघून घेणं फार महत्त्वाचं आहे. नाव सगळ्यांचं जी१४ च, पण २०२० आणि २०२१ वाल्याला वेबकॅमच नाही. २०२२ वाल्यात वेबकॅम आला पण ग्राफिक्स कार्ड एएमडीचं रेडिऑन, मग कूडा नाही. २०२३ वाल्यात आरटीएक्स ४० सिरीज. आणि २०२४ वाल्यात रॅम पूर्ण बोर्डावर सोल्डर केलेली, नंतर वाढवता येत नाही, पण मी बघितलेल्या १६ जीबीच्या २०२३ वाल्यात ८ जीबी सोल्डर आणि वर एक स्लॉट मिळतो, त्यात कंपनीने ८ ची पट्टी दिलेली असते, ती काढून उद्या १६ ची टाकता येते. म्हणजे माझ्या दृष्टीने चार वर्षं वापरायला जुनंच मॉडेल जास्त सोयीचं निघालं. एसएसडीला मात्र एकच स्लॉट आहे, म्हणून ५१२ वालं घ्यायचं नाही, १ टीबीच घ्यायचं हे पक्कं केलं, एकेक मोठा गेम शंभर जीबीच्या आसपास जागा खातो आणि कॅडची सॉफ्टवेअर पण काही छोटी नसतात.

२०२३ चा जी१४, रायझन ७, ४०५०, १६ जीबी, १ टीबी, वजन १.६५ किलो. माझा नियम चार्जर धरून दोन किलोचा होता आणि त्याचा मूळ चार्जर मोठाच आहे, पण हा लॅपटॉप टाइप-सीने शंभर वॉटपर्यंत चार्ज होतो, म्हणजे मोठा चार्जर गेमसाठी घरी आणि कॉलेजला मुठीत मावेल असा ६५ वॉटचा छोटा गॅन (गॅलियम नायट्राइडचा, म्हणून लहान) चार्जर. तो मोबाइलला पण चालतो. सगळं मिळून पावणेदोनच्या थोडं वर. तांदळाच्या पाकिटापेक्षा कमी.

बाबांशी किमतीवरून बोलणं झालं, ते म्हणाले, "अगं, ऐंशी हजारात त्याच कार्डाचा मिळतोय ना, मग चाळीस हजार कशाला वर?" प्रश्न बरोबर होता. मी वही पुढे केली आणि सांगितलं की चाळीस हजार कार्डाचे नाहीतच, वजन, स्क्रीन आणि बॅटरी यांचे आहेत, आणि या तिन्ही गोष्टी नंतर बदलता येत नाहीत. बाबांनी स्वतः तीस वर्षं लोकलने ऑफिस केलंय, त्यांना वजनाचं फार पटवावं लागलं नाही. आई म्हणाली मानेचं दुखणं एकदा लागलं की जन्माचं असतं, घे हलका. कमी पडत होते तिथे माझी साठवलेली स्कॉलरशिप घातली.

घेताना जुलैच्या सेलची वाट बघितली, क्रेडिट कार्डाचा डिस्काउंट धरून सव्वा लाखाच्या आत बसला. नो कॉस्ट ईएमआय घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, व्याजाच्या भागावर जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बँक वेगळी लावते, त्यामुळे ते अगदी नो कॉस्ट नसतं. मागच्या वर्षीचं मॉडेल म्हणजे बॉक्स बरेच महिने गोडाऊनमध्ये पडलेला असू शकतो, म्हणून आल्या आल्या सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून कधीपर्यंत दाखवते ते बघितलं, बिलाच्या तारखेशी जुळत नसेल तर बिल पाठवून ती दुरुस्त करून घ्यायची असते आणि हे पहिल्याच आठवड्यात करायचं. बॉक्स उघडताना आईने पूर्ण व्हिडिओ काढला, सील दिसेल असा. मग पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण स्क्रीन लावून डेड पिक्सेल बघितले, खोलीतला दिवा घालवून कडांनी उजेड झिरपतो का ते बघितलं, सगळे पोर्ट लावून बघितले, बॅटरीचा रिपोर्ट काढला. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टला powercfg /batteryreport अशी कमांड आहे, ती मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही दाखवते, जुन्या स्टॉकसाठी हे फार उपयोगी.

आता वापराबद्दल. कॉलेजमध्ये मी ग्राफिक्स कार्ड बंद करून टाकते, आसूसच्या आर्मरी क्रेट ॲपमध्ये इको मोड आहे, स्क्रीनचा रिफ्रेश रेट पण ६० वर, तेव्हा नोट्स, पीडीएफ आणि थोडं ऑटोकॅड एवढ्यावर ७६ वॉट-अवरची बॅटरी लेक्चर संपेपर्यंत पुरते. पूर्ण दिवस प्रॅक्टिकलला सॉलिडवर्क्स चालू असेल तर पुरत नाही, मग छोटा चार्जर काढते. आमच्या वर्गात प्लग मोजकेच आहेत आणि त्यावर एक्स्टेंशन बोर्ड लागलेला असतो, तिथे मोठ्या ठोकळ्यापेक्षा छोटा चार्जर पटकन लागतो. लायब्ररीत सायलेंट मोड लावला की पंखे ऐकूच येत नाहीत. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे, घरी प्लगवर गेम खेळताना ती चालू ठेवते. बॅटरीवर गेम खेळायचा विचार करू नका, कुठल्याच गेमिंग लॅपटॉपवर, बॅटरी तेवढे वॉट देऊच शकत नाही आणि फ्रेम निम्म्यावर येतात.

गेमचं सांगायचं तर व्हॅलोरंट आरामात स्क्रीनच्या पूर्ण रिफ्रेश रेटने चालतो, सायबरपंक डीएलएसएस लावून मीडियम-हायच्या मध्ये छान खेळता येतो. मे महिन्याच्या उकाड्यात लॅपटॉप की-बोर्डच्या वरच्या भागात चांगलाच तापतो, गेममध्ये चालायच्या डब्ल्यूएएसडी बटणांच्या जागी नाही पण वरच्या पट्टीवर बोट ठेववत नाही. मागून थोडा उचलून ठेवला की आवाज आणि गरमी दोन्ही कमी होते. कॅडवाल्यांना एक अडचण येईल, १४ इंचीला नंबरपॅड नसतो आणि डायमेन्शन टाकताना तो आठवतो, मी यूएसबीचा वेगळा नंबरपॅड काहीशे रुपयांत घेतला आणि स्क्रोल व्हील नीट दाबलं जाईल असा माउस, कारण मॉडेल फिरवायचं तर मधलं बटणच लागतं. दोन्ही बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात राहतात.

रॅम अजून १६ च आहे. असेंब्ली आणि ब्राउजर एकत्र उघडे असले की भरत आलेली दिसते, त्यामुळे थर्ड इयरचा प्रोजेक्ट सुरू झाला की ८ ची पट्टी काढून १६ ची टाकणार आहे, म्हणजे एकूण २४ होतील. डीडीआर५ ची लॅपटॉपवाली एसओ-डिम पट्टी लागते, ४८०० स्पीडची, डेस्कटॉपवाली बसत नाही, ती पण लॅमिंग्टन रोडच्या त्याच दादाकडून घेईन.